रविवारी तुटणारी लाईन

“गेलं! परत गेलं!”

माधवी अशी किंचाळली की स्वयंपाकघरात काकूंच्या हातातली पळी खाली पडली. मी तिच्याच टेबलाखाली गुडघे टेकून मोडेमच्या वायरीशी झटत होते. दचकून डोकं वर घेतलं ते थेट फळीवर आपटलं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. माझ्या धंद्यात विजेचा झटका बसत असेल असं लोकांना वाटतं. खरा मार टेबलांचाच असतो.

“कुंदाताई, बघितलंत ना? तुमच्यासमोर गेलं!”

“बघितलं बाई,” मी डोकं चोळत बाहेर आले. “मला वाटलं होतं, मी बसल्ये म्हणून तरी लाजून थांबेल.”

ती हसली नाही. हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं तिच्याकडे.

त्या काळी कराडात घरी कॉम्प्युटर असलेली कुटुंबं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि घरोघरी जाऊन ते दुरुस्त करणारी बाई मी एकटी. लोक दार उघडून आधी माझ्या मागं बघायचे, मेकॅनिक कुठाय म्हणून. लग्न होऊन मी या गावात नवीनच आले होते, त्यामुळं कुणाच्या घरात पूर्वी काय घडलंय, कोण कुणाशी बोलत नाही, याचा मला पत्ता नसायचा. आपल्या कामाला तो लागतही नाही, अशी माझी समजूत होती.

जगदाळ्यांच्या घरात तिघंच. तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, ताठ मानेचे, मोजकं बोलणारे. शालनकाकू सगळ्यांना खाऊ घालणाऱ्या. आणि एकुलती एक मुलगी माधवी. एकुलती एक, हे मला तिघांनीही वेगवेगळ्या वेळी आवर्जून सांगितलं होतं.

माधवीला टोरांटोतलं एक स्थळ आलं होतं. मुलगा कोल्हापूरकडचा, नाव रणजित. फोटो, पत्रिका, घराणं सगळं पटलं होतं, पण मुलाची एकच अट होती, आधी आमचं दोघांचं बोलणं होऊ दे. परदेशी फोन परवडण्यातला नव्हता. म्हणून रविवारी सकाळी दहाला, म्हणजे त्याच्याकडं शनिवारची रात्र असताना, दोघं नेटवर बसायची. “हाय, कसे आहात” होऊन गाडी जरा कुठं पुढं सरकली की लाईन तुटायची. माधवीला तो मुलगा आवडला होता. आधीची दोन स्थळं काही कारणानं मोडली होती आणि हे तिसरं या डबड्यापायी मोडू नये, म्हणून मला बोलावलं होतं.

मी काय काय केलं नाही! ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. मोडेम बदलला. लाईनमनला चहा पाजून खांबावरची जोडणी साफ करून घेतली. काकूंनी माझ्या नकळत सीपीयूला हळदकुंकू लावलं, तेही करून झालं. गंमत अशी की सोमवारी लावा, बुधवारी लावा, नेट तासभर टिकायचं. रविवारी दहा वाजून गेले की गचकायचं.

“आधी निदान एकदाच तुटायचं,” माधवी सांगायची. “परत लावलं की लागायचं. संक्रांतीपासून परत लागतच नाही हो. लागलंच तर लगेच जातं.”

“मोडेम म्हातारा झाला,” मी सांगितलं होतं. नवा बसवल्यावरही तेच झालं, तेव्हा मी हात टेकले आणि ठरवलं, आपणच रविवारी जाऊन बसायचं. त्यातच आदल्या दिवशी रणजितची ईमेल आली होती. याही खेपेला असंच झालं तर तुला बोलायचंच नाही असं मी समजेन, त्यानं लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती: ‘आई विचारते, ते लोक काही लपवतात का?’

ती ओळ वाचून दाखवताना माधवीचा आवाज बारीक झाला होता. मला तिची फार दया आली. इतक्या साध्या सरळ घराबद्दल असं विचारावं?

या घरात फोनचं सॉकेट एकच, तेही बाहेरच्या खोलीत. नेट लावायचं तर फोनची पिन काढायची आणि माधवीच्या खोलीतून आलेली लांब वायर तिथं खोचायची. तेवढा वेळ फोन मुका. तात्या रविवारी नेमके त्या मुक्या फोनशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. ‘गेलं’ ऐकलं की काकू कपाळावर हात मारायच्या, माधवी रडकुंडीला यायची आणि तात्या शांतपणे पेपरची घडी घालून म्हणायचे, “शालन, चहा टाक.”

आजही तेच. मी टेबलाखालून बाहेर येते न येते तोच हुकूम ऐकू आला. माझं डोकं आधीच ठणकत होतं, त्यात हे. मी बाहेरच्या खोलीकडं तोंड करून म्हटलं, “तात्या, पोरीचं लग्न मोडायला आलंय आणि तुम्हाला चहा सुचतोय?”

“यंत्र आहे ते,” तात्या म्हणाले. “तुटायचंच.” त्यांचा चेहरा चक्क समाधानी होता. औषधाची गोळी वेळेवर घेतलेल्या माणसासारखा.

“लावा ना परत,” माधवी माझा खांदा हलवत होती. “तो थांबलाय तिकडं.”

मी परत लावायला गेले नाही. त्याऐवजी मोडेमशी थेट बोलायची एक खिडकी असते, ती उघडली. मोडेमला काय दिसतंय, काय ऐकू येतंय, ते त्या कोऱ्या खिडकीत शब्दांनी उमटतं. मला वाटलं, एखादी चूक दाखवेल. खिडकी उघडली आणि तिच्यात इंग्रजीत एकच शब्द आला: रिंग.

थोड्या वेळानं खाली दुसरी ओळ आली. रिंग.

मग तिसरी.

“अगं बाई!” मी टाळीच वाजवली. “तुमच्याकडं फोन येतोय! तात्या, आपल्या फोनला कॉल वेटिंग आहे का?”

“म्हणजे काय?” माधवीनं विचारलं.

“म्हणजे लाईन चालू असताना दुसरा कुणाचा फोन आला की मधेच टिकटिक वाजते. माणूस असला तर त्याला कळतं. मोडेमला काय कळतंय? तो बावचळतो आणि लाईन सोडून देतो. दर रविवारी दहा वाजता तुमच्याकडं कुणीतरी फोन करतंय, आणि तुमची पिन काढलेली, म्हणून तो वाजत नाही.”

“आपल्याकडं कुठलं आलंय कॉल वेटिंग!”

“आहे,” दारातून आवाज आला. तात्या पेपर हातात घेऊन उभे होते. “मी घेतलंय. दिवाळीच्या आधी अर्ज दिला होता.”

“का?” माधवी त्यांच्याकडं बघतच राहिली.

“असावं घरात.”

मला आनंदानं नाचावंसं वाटत होतं. इतक्या रविवारांचं कोडं सुटलं होतं. “मग झालंच! एक नंबर फिरवला की बंद होतं ते. आत्ता करते.”

“बंद करायचं नाही.”

ते असं म्हणाले की माझा माऊसवरचा हात थबकला. माधवीनं मात्र धरबंद सोडला. “तात्या, माझं लग्न मोडतंय इथं! कोण करतं हा फोन? कुणासाठी ठेवलंय तुम्ही ते?”

तात्यांनी मलाच विचारलं, “दोनदा वाजला ना? दोनदा वाजून थांबला असेल.”

“छे हो, वाजतोय अजून. हे बघा.” मी पडदा त्यांच्याकडं वळवला. खिडकी अर्धी भरली होती. आम्ही तिघं बघत असताना तळाशी आणखी एक ओळ वाढली.

त्या वेळचा तात्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. समाधान पुसलं गेलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला आणि पडद्याजवळ वाकले.

“दोनदाच वाजायला पाहिजे,” ते पुटपुटले. मग एकदम माझ्याकडं वळले. “मागच्या रविवारी किती वाजला?”

“मागचं कसं कळणार? पण...” आणि बोलता बोलता माझ्याच डोक्यात उजेड पडला. “माधवी म्हणते ना, संक्रांतीपासून परत लागत नाही. लाईनवर बाहेरून रिंग चालू असेल तर मोडेमला नंबर फिरवताच येत नाही. म्हणजे तेव्हापासून हा फोन असाच वाजत राहत असणार. आधी लगेच लागायचं, म्हणजे दोनदा वाजून बंद होत असेल. तुम्ही म्हणता तसं.”

मी हे हुशारी दाखवत सांगितलं. मला कुठं माहीत होतं, मी काय बोलतेय ते!

तात्यांच्या हातातला पेपर गळून पडला आणि ते पळाले. कधी पाऊल भरभर न टाकणारा तो माणूस बाहेरच्या खोलीकडं अक्षरशः धावला. सॉकेटमधली वायर त्यांनी हिसकून काढली, फोनची पिन खोचायला लागले, तर घाईत पिन जाईना. शेवटी गेली. आणि इतका वेळ मुका असलेला फोन खणाणला.

आम्ही तिथं पोचलो तेव्हा तात्या फोनपुढं उभे होते, पण उचलत नव्हते. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“उचला की हो. वाजतोय ना.”

“शालन, तू नको उचलूस.”

“का?”

काकूंनी पुढं होऊन रिसीव्हर उचलला.

“हॅलो. कोण?... कोण म्हणालात?... हो, मी तिची आई.”

मला वाटलं, माधवीबद्दलच काहीतरी. माधवी माझ्याशेजारी उभी होती. तिनं माझं मनगट घट्ट पकडलं.

“कधी?” काकू म्हणाल्या. पलीकडं कुणी बराच वेळ बोललं. “कधी म्हणालात?... संक्रांतीला?” त्या तशाच खाली बसल्या, जमिनीवर, रिसीव्हर कानाला धरून. “काय झालं होतं तिला?... कावीळ... अहो, काविळीनं माणूस...” आणि पुढं त्यांना बोलता येईना.

“काकू, कोण आहे?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पण मी त्यांना दिसत नव्हते. “वैजू गेली,” त्या म्हणाल्या. “आपली वैजू गेली.”

“कोण वैजू?” मी माधवीच्या कानाशी लागले.

“ताई,” माधवी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. “माझी मोठी बहीण.”

या घरात मी इतके दिवस येत होते, भिंतीवरचे फोटो रोज बघत होते, आणि आणखी एक मुलगी या घरात वाढली होती याची एक खूण मला दिसली नव्हती. पाच वर्षांपूर्वी तिनं जातीबाहेर लग्न केलं होतं, नांदेडच्या गौतम नावाच्या मुलाशी. तात्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, ती आपल्याला मेली, तिचं नाव या घरात निघणार नाही. फोटो काढले गेले. माधवीच्या स्थळांना मुलगी एकच म्हणून सांगायचं ठरलं. आधीच्या दोन्ही ठिकाणी ते बाहेर फुटलं होतं, म्हणून ती स्थळं मोडली होती. हे सगळं मला माधवीनं नंतर सांगितलं. त्या वेळी ती फक्त भिंतीला टेकून उभी होती.

“दर रविवारी करत होते, म्हणतायत,” काकू रिसीव्हर छातीशी धरून तात्यांकडं बघत म्हणाल्या. “याच वेळेला. वैजू याच वेळेला करायची म्हणून. कुणी उचललं तर सांगायचं होतं त्यांना. कुणी उचललंच नाही.” मग त्यांचा आवाज बदलला. “वैजू करायची? इथं? अहो, वैजू इथं फोन करायची?”

तात्या खुर्चीची पाठ धरून उभे होते.

“लग्नानंतर लगेच एकदा आला होता तिचा फोन,” ते म्हणाले. “तू देवळात गेली होतीस. मी तिला म्हटलं, बोलू नकोस. दर रविवारी दहाच्या पुढं दोन रिंगा दे आणि ठेव. मला कळेल तू बरी आहेस. काही अडलं तर वाजू दे, मी उचलीन.”

“आणि?”

“देत होती. एक रविवार चुकवला नाही. तू विचारलंस की मी राँग नंबर म्हणायचो. मग हिचं ते नेट सुरू झालं, नेमकी तीच वेळ. नेटला दुसरी वेळ मागायची तर हिला कारण काय सांगू? म्हणून ते कॉल वेटिंग घेतलं. लाईन तुटली की मला कळायचं.” त्यांना धाप लागली होती. “तुटली की मला वाटायचं, आहे. बरी आहे.”

संक्रांतीपासून दर रविवारी वैजूच्या नवऱ्यानं तिकडून फोन वाजवत ठेवला होता आणि इकडं तात्यांनी समाधानानं चहा मागितला होता. हे माझ्या डोक्यात शिरलं आणि मला तिथं उभं राहवेना.

काकू रडल्या नाहीत. मला तेच भयंकर वाटलं. त्या नवऱ्याकडं असं बघत होत्या, जसं घरात कुणी परका शिरलाय.

“तुम्हाला ठाऊक होतं ती आठवण काढते,” त्या म्हणाल्या. “पाच वर्षं. आणि मी इथं काय करत होते? आईला विसरली म्हणून तिला शिव्या देत होते. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात.”

“शालन...”

“एकदा सांगायचं होतंत. एकदा. त्या रिंगा तिच्या आहेत म्हणून तरी मी ऐकल्या असत्या.”

रिसीव्हरमधून बारीक आवाज येत होता, हॅलो, हॅलो. काकूंनी तो पुन्हा कानाला लावला. “मी येते,” त्या म्हणाल्या. “आज निघते. पत्ता सांगा.” पत्ता त्यांनी दोनदा म्हणून घेतला, फोन ठेवला आणि कुणाकडं न बघता आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला.

तात्यांनी खाकरून घसा साफ केला. आता हा माणूस कोसळणार असं मला वाटलं. त्यांना धरायला मी पुढं झाले.

“कुंदा,” ते म्हणाले, “यातलं बाहेर काही जाता कामा नये. कोल्हापूरला तर नाहीच. पाडव्याला ते लोक यायचेत. माधवीचं ठरेपर्यंत काही झालेलं नाही. काही नाही.”

पोरगी गेल्याचं कळून पाच मिनिटं झाली नव्हती. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडातून हे निघत होतं. त्यांनी एवढी वर्षं जे केलं तेच ते पुन्हा करत होते. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं.

“कुंदाताई,” माधवी मागून म्हणाली, “नेट लावा.”

मी गर्रकन वळले. “आत्ता?”

“आत्ता. तो थांबला असेल.”

बहिणीचं कळलं आणि हिला तो मुलगा सुचतोय! मला तिचा संताप आला, खोटं का बोलू? बापाची लेक शोभतेस, असं ओठांवर आलं होतं. पण पोरीच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि गप्प बसले. मी फोनची पिन काढली, वायर खोचली. आतल्या खोलीत मोडेमनं आपलं ते किरकिरं गाणं म्हटलं आणि लाईन लागली. रणजितचे निरोप एकाखाली एक येऊन पडले होते. ‘आहेस का?’ ‘परत गेलं का?’ आणि शेवटचा, ‘मी अजून पाच मिनिटं बघतो.’

माधवी खुर्चीत बसली. त्या वेळी सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, तसं ती लिहू लागली. हुंदका आला की थांबायची आणि पुन्हा लिहायची. तात्या तिच्या मागं येऊन उभे राहिले. त्यांना ती अक्षरं जुळवायला वेळ लागत होता, ओठ हलत होते. मी आधी वाचलं.

‘तुझ्या आईचं बरोबर आहे. आम्ही लपवलं. मला मोठी बहीण होती. वैजयंती. तिनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून ती नाहीच असं सांगितलं. ती वारली. आम्हाला आत्ता कळलं.’

ओळ पडद्यावर होती, पण अजून गेली नव्हती. तात्यांचे ओठ थांबले. त्यांनी शेवटचा शब्द जुळवला होता. ते वाकले आणि त्यांचा हात सीपीयूच्या मागं, मोडेमच्या वायरीकडं गेला.

“हात लावू नका.”

काकू दारात उभ्या होत्या. अंगावर जायची साडी, हातात पिशवी. आवाज चढलेला नव्हता. पण त्या घरात त्यांनी नवऱ्याला कधी असं काही म्हटलं नसावं, कारण तात्या वाकलेले तसेच राहिले. हात वायरीपासून वीतभर लांब होता.

माधवीनं एंटर दाबलं.

आम्ही चौघंही पडद्याकडं बघत राहिलो. दहा केव्हाच वाजून गेले होते, आणि लाईन टिकून होती. मधे फोन करणारं आता कुणी नव्हतं.